सुभद्राताईंचा संचा

आमची मयू लहानपणी आजारी पडली, सलाइनवर गेली, ती सुभद्राताईंच्या आइस्क्रीममुळे नाही. मी पाजलेल्या पाण्यामुळे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही. बायकोशी नाही, मयूशी नाही, फुलंब्रीला आई होती तोवर तिच्याशीसुद्धा नाही. लिहिलं की काहीतरी होईल असं वाटलं होतं, निदान हात तरी थांबेल. तसं काही झालं नाही. पंखा फिरतोय, खाली भंगारवाला ओरडत गेला, आणि वाक्य कागदावर तसंच पडून आहे.

सीताफळं आलीत. दसरा उलटला की खुलताबादच्या डोंगरातून टोपल्या खाली उतरतात आणि पडेगावच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी बायका बसतात. खाली सीताफळाचाच पाला, वर फळं. ज्यांचे डोळे उघडलेत ती हाताशी, कच्ची मागं. पाऊस गेलेला असतो, पण गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं. कडेला कुणी कुणी मका पसरलेला असतो. दुपारी त्याचा पिठूळ वास येतो आणि मध्येच पिकल्या सीताफळाचा, गोड आणि किंचित आंबूस. बाकीच्यांना त्या वासानं दिवाळी जवळ आल्याचं कळतं. माझं मात्र दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गालाचं होतं तसं होतं. गाल असतो आपलाच, हात लावला तर हाताला लागतो, पण गालाला हात लागत नाही. मोसम संपेपर्यंत मी असाच असतो. घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मी एरवीही कमीच बोलतो. अलका, माझी बायको, पाहुण्यांना सांगते, ह्यांचा स्वभावच शांत आहे. मी मान हलवतो.

आमच्या गल्लीत तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. संध्याकाळी पोरं त्यात खेळायची, सकाळी शेळ्या चरायच्या. कोपऱ्यावर सुभद्राताईंचं घर, मागं पत्रे आणि पुढं एकच सिमेंटची खोली. नवरा कंपनीत होता, ती बंद पडली, तेव्हा त्यानं कुठूनसा एक जुना संचा आणला. लाकडाची बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, डब्यात फिरणारी लाकडी पाती आणि वर हातानं फिरवायची दांडी. डबा आणि बादली यांच्या मधल्या जागेत बर्फाचा चुरा आणि खडेमीठ ठासून भरायचं. डब्यात आटवलेलं गार दूध, साखर आणि मोसमातलं फळ. उन्हाळ्यात आंबा, दसऱ्यानंतर सीताफळ. बोर्ड वगैरे काही नव्हता. खिडकीतून वाट्या बाहेर यायच्या आणि लोक विचारायचे, ताईंचं झालं का आज?

त्या खिडकीतून आतली बुद्धाची मूर्ती दिसायची, पुढं एक लहानशी मेणबत्ती. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो. आमची गल्ली म्हणजे बहुतेक फुलंब्री, कन्नडकडून आलेली, मागं शेती आणि इथं नोकरी असलेली माणसं. आमच्यातल्या कुणी त्या मूर्तीबद्दल कधी एक शब्द काढला नाही. आइस्क्रीम खायचो, वाट्या परत द्यायचो, ताई कशा आहात विचारायचो. पण ती मूर्ती कुणी विसरलंही नव्हतं. हे मला तेव्हा कळत होतं की नंतर कळलं, ते आता सांगता येत नाही. कळत असावं.

सीताफळाचं आइस्क्रीम करणं हे भलतंच चिकाटीचं काम. बिया काढायला सगळी सकाळ जाते. गर चाळणीवर नुसता घासून चालत नाही, बी फुटली तर चव जाते. आणि तो गर गरम दुधात घातला तर कडवट होतो, म्हणून दूध पुरतं गार होईस्तोवर थांबायचं. ताई खिडकीशी बसून बिया काढायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या. त्यांची बोटं काळसर पडलेली असायची त्या दिवसांत.

रविवारी दुपारी संचा फिरवायला गल्लीतले पुरुष जमायचे. ताईंच्या नवऱ्याचा खांदा दुखायचा म्हणून एकदा कुणीतरी हात दिला आणि मग ती रीतच पडली. पाळीपाळीनं दांडी फिरवायची. सुरुवातीला हलकी जाते, नंतर आतलं घट्ट व्हायला लागतं आणि दंड भरून येतो. शेवटी ज्याच्या हातात दांडी असेल, त्याच्या लेकराला आतली पाती चाटायला मिळायची. पातीला आइस्क्रीम भरपूर चिकटलेलं असतं आणि त्याची चव वाटीतल्या आइस्क्रीमला येत नाही. म्हणून शेवट शेवट पुरुषांत कुरबुर चालायची. सोड आता, माझ्या पोराची पाळी आहे. मी जोरात फिरवायला गेलो की ताई खिडकीतून म्हणायच्या, "भाऊ, मोटार नाय ती. एका चालीनं. कचेरीत फायली सरकवता तसं सरकवा." सगळे हसायचे. मलाही त्या हसण्यात बरं वाटायचं. गावाकडून आल्यावर शहरात पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो त्या दांडीशी.

दांडी काढली की पत्र्याच्या झाकणाभोवती खारट पाणी साचलेलं असतं. ते कोरड्या फडक्यानं पुसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत उतरतं. बर्फ कारखान्याचा, गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणलेला. ताई म्हणायच्या, ह्यो बर्फ बाहेरचा, आत पाण्याचा थेंब नाय. आइस्क्रीम खाणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त फोडलेल्या लाद्या पाहिलेल्या असायच्या, आणि रंगीत गोळ्यात घालतात तसा तो बर्फ आत जातो असंच त्यांना वाटायचं. मला ठाऊक होतं. मी दांडी फिरवायचो.

त्या रविवारी सकाळी मी मयूला स्कूटरवर पुढं उभी करून खुलताबादकडं नेलं. ताईंनीच सांगितलं होतं, जाणारच आहात तर डोंगरातली फळं घेऊन या, रस्त्यावरची पिळून पिळून मऊ केलेली असतात. मयू तेव्हा बालवाडीत होती. निघताना अलकानं उकळलेल्या पाण्याची बाटली भरून ठेवली होती आणि मी ती फ्रिजवर विसरलो. मयूच्या आधीचं आमचं बाळ जुलाब-उलट्यांनीच गेलं होतं, फुलंब्रीला. त्यानंतर अलका पाणी गाळायची, उकळायची, पुन्हा गाळायची. नळाला किती दिवसांनी का पाणी येईना, तिचा तो नेम चुकला नाही. मयूला बाहेरचं पाणी द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट ती मला हुकमासारखी सांगायची. एरवी कशालाच तिनं हुकूम केला नाही.

परतताना मयूला तहान लागली. घाटात टपरी होती, बंद. तिच्या मागं पाण्याचा निळा ड्रम होता, आतून हिरवट झालेला, दोरीला प्लॅस्टिकचा मग बांधलेला. मी ड्रममध्ये बघितलं. तळ दिसत नव्हता. मयू रडत होती, ऊन चढलं होतं, फळं सांभाळायची होती. मी तिला मगभर पाणी पाजलं आणि स्वतःही प्यालो. घरी सांगायचं नाही हं, असं मी तिला म्हणालो. तिनं मान डोलावली. ते तिनं पाळलं, म्हणजे ती विसरून गेली.

दुपारी ताईंनी आधीच काढून ठेवलेल्या गराचा संचा फिरवला; मी आणलेली फळं पुढच्या खेपेसाठी खिडकीत ठेवली. शेवटी दांडी माझ्या हातात होती. ताईंनी झाकण पुसलं, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं, उघडलं, पाती काढून एका ताटलीत मयूच्या हातात दिली. मी स्वतः आइस्क्रीम खाल्लं नाही. पोट जड वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयूला उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही पाणी, बर्फ, उघड्यावरचं? अलकानं माझ्याकडं बघितलं. मी उत्तर देईन असं तिला वाटलं असावं. मग तीच म्हणाली, काल गल्लीतलं आइस्क्रीम खाल्लं, पाती चाटली हिनं. डॉक्टर म्हणाले, असेल. माझ्याही पोटात मुरडा येत होता. चहा पिऊन येतो सांगून मी सारखा खाली जात होतो, आणि चहा पीत नव्हतो. ज्यानं आइस्क्रीमला तोंडही लावलं नाही त्याचं पोट का बिघडलं, हा एकच प्रश्न होता आणि तो विचारणारं तिथं कुणी नव्हतं. मयूच्या हाताला पट्टी बांधून सुई लावलेली होती. अलका तिच्या पायांशी बसली होती, आणि तिचा चेहरा मी एकदाच तसा पाहिला होता, फुलंब्रीला. त्या चेहऱ्यापुढं ते बोलणं मला जमलं नाही. एवढंच झालं. मी खोटं बोललो नव्हतो अजून.

खोटं बोललो ते फाटकाशी. मयूचे डोळे पुन्हा वर आले होते, ती बिस्किट मागत होती. मी कपडे न्यायला घरी आलो तर समोरच्या वहिनी थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, तिथल्याच आइस्क्रीमनं झालं म्हणे?"

मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

एवढंच. कुलूप उघडून मी आत गेलो. त्या मागून म्हणाल्या, मी तर आधीपासूनच म्हणत होते. काय म्हणत होत्या ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. माझा शब्द पडला तो नांगरून ठेवलेल्या जमिनीत पडला, पेरायला फार कष्ट लागले नाहीत. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की कारखान्याचा घाण बर्फ कालवतात, त्यांच्याकडं स्वच्छतेचं काय सांगावं. तेच आइस्क्रीम खाल्लेलं दुसरं कुणी आजारी पडलं नव्हतं, ते कुणी पाहिलं नाही. बर्फ आत जात नाही हे दांडी फिरवणाऱ्या बाकीच्यांनाही ठाऊक होतं, पण ज्याची पोरगी आजारी त्यानं सांगितलं असतं तरच गल्लीनं ऐकलं असतं, आणि तो पिशवी घेऊन पुन्हा दवाखान्यात निघाला होता.

मयूला घरी आणल्यावर सुभद्राताई आल्या. हातात डाळिंबं होती. मी आतल्या खोलीत होतो, पेपर घेऊन. अलका दारातच उभी राहिली.

"वहिनी, लेकरू कसं हाय?"

"बरं आहे."

"मी झाकण पुसलं व्हतं वो वहिनी. दोनदा पुसते मी. भाऊंना इचारा, ते तिथंच व्हते."

अलकानं मला हाक मारली नाही. ती म्हणाली, तुम्ही जा आता, ती झोपलीय. हाक मारली असती तर मी काय म्हणालो असतो, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. दर वेळी मी पेपर खाली ठेवतो, उठतो, आणि दारापर्यंत पोहोचत नाही.

कुणी भांडायला गेलं नाही, कुणी दगड मारला नाही. आमच्या गल्लीत तसं काही होत नाही. लोक फक्त त्या कोपऱ्यावरून जरा लवकर पुढं जायला लागले. रविवारी दांडीला हात नव्हते. ताईंचा नवरा दुखऱ्या खांद्यानं एकटाच फिरवायचा, मग त्यानंही सोडलं. ती सीताफळं मीच आणलेली, खिडकीत राहून काळी पडली. संचा अंगणात उपडा घातलेला दिसायला लागला. ताई कुठल्याशा मेसमध्ये पोळ्या लाटायला जायला लागल्या. पुढं नवरा गेला. मयतीला मी गेलो होतो, मागं उभा होतो.

शहराचं नाव बदललं, गल्लीतले मोकळे प्लॉट भरले, घरांवर मजले चढले. मयू पुण्याला गेली, लग्न झालं. ती हा किस्सा फार छान सांगते. कुणाच्या लग्नात आइस्क्रीम नको म्हणाली की लोक विचारतात आणि मग ती हसत हसत सांगते की आमच्या गल्लीत एक बाई होती, तिनं मला पाती चाटायला दिली आणि जवळजवळ वर पाठवलं. लोक हसतात. मीही त्या घोळक्यात असतो. एकदा तिचा नवरा मला म्हणाला, बाबा, तुम्ही तेव्हा त्या बाईला काही बोलला नाहीत? अलका म्हणाली, ह्यांचा स्वभाव तसा नाही. ते ऐकताना मला काहीच वाटलं नाही. पूर्वी कान तापायचे. आता ते किस्साच झालंय, आणि किश्श्यात मी एक भला माणूस आहे.

यंदा दसऱ्याला त्या कोपऱ्यावर बोर्ड लागला. घरगुती पॉट आइस्क्रीम. ताईंच्या सुनेनं, प्रज्ञानं, दुकान काढलं. नवरा रिक्षा चालवतो, ही शिकलेली आहे. दांडीच्या जागी मोटार बसवली, भांडी स्टीलची घेतली. मी रोज कचेरीतून येताना बघतो. बाहेरच्या रस्त्याची पोरं थांबतात, कॉलेजची. आमच्या गल्लीतलं कुणी थांबत नाही. समोरच्या वहिनी आता काठी घेऊन चालतात, पण नव्या भाडेकरूंना आवर्जून सांगतात. आणि दाखला देतात आमच्या घराचा.

परवा मी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. सीताफळाचा वास होता, पाय वळले. सुभद्राताई आत खुर्चीवर होत्या. केस पुरते पांढरे, बोटं तशीच काळसर.

"भाऊ, या. लई दिवसांनी," म्हणाल्या. मी चप्पल काढून समोर बसलो. त्या सुनेकडं वळून म्हणाल्या, "पूस. अजून एकदा पूस."

प्रज्ञा झाकण पुसत होती. ती मला म्हणाली, "बघा ना काका, आत्याबाईंच्या पायी झाकण झिजायचं बाकी आहे." हसली. तिनं वाटी पुढं केली आणि मग जरा सावरून, फडकं घडी करत, म्हणाली की मयूताई दिवाळीला येणार आहेत ना, त्यांना घेऊन या एकदा. "त्यांनी इथं उभं राहून खाल्लं ना काका, तर गल्ली खाईल. नाहीतर ह्या मोसमानंतर मला नाही वाटत चालेल." गल्लीत सांगतात तो किस्सा तिला सगळा ठाऊक होता, पण बोलण्यात राग नव्हता. दुकानाच्या कामाचं बोलावं तसं ती बोलली. मी बघतो म्हणालो.

ती आत गेल्यावर ताईंनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणला.

"भाऊ, त्या टायमाला माझ्याकडूनच पुसायचं ऱ्हायलं असंल. मला ध्यानात नाय, पण ऱ्हायलंच असंल. नायतर लेकराला कसं झालं असतं? लई वर्सं मनात हाय. तुमच्या दारात मी पुसलं म्हणून खोटं बोलून आले."

माझ्या तोंडात चमचा होता. जीभ गार पडलेली. आमच्या दारात त्या बोललेल्या, मी आतून ऐकलेलं ते त्यांचं खरं वाक्य इतकी वर्षं घासून घासून त्यांनी स्वतःच खोटं करून ठेवलं होतं. हे मी केलं नव्हतं म्हणता येणार नाही. गल्लीनं त्यांचं गिऱ्हाईक नेलं. त्यांच्या हातावरचा त्यांचा विश्वास मी नेला. बोलायची वेळ हीच होती, कुणी अडवलेलं नव्हतं. आणि मी म्हणालो,

"जाऊ द्या ताई. झालं गेलं."

मी त्यांना माफ केलं. त्यांनी हात जोडले, म्हणाल्या, तुमचं मन मोठं भाऊ. मी वाटी संपवली. चव चांगली असावी. उठलो, चप्पल घातली, घरी आलो. अलकानं विचारलं, उशीर झाला? मी म्हणालो, गर्दी होती रस्त्यात. रात्री नेहमीसारखी झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

दिवाळीला मयू येईल. तिला त्या दारात नेणं मला जमेलही, काहीतरी निमित्त काढून; पण तिनं मोठ्या मनानं एक वाटी खाल्ली तर तो आणखी एक माफीचा चमचा होईल, माझ्यासारखाच. दुकान कदाचित चालेल. ताई मात्र चुकलेल्याच राहतील, आणि त्या आता फार दिवस त्या खुर्चीत बसणार नाहीत. म्हणून काय द्यायचं राहिलंय ते स्पष्ट लिहितो. सुभद्राताईंना त्यांच्या सुनेच्या देखत, मग अलकाला, मयूला आणि समोरच्या वहिनींना मला तोंडानं सांगायचं आहे की ते पाणी मी पाजलं होतं आणि ताईंच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. अजून मी ते कुणालाही सांगितलेलं नाही.